भट्टी आणि आभाळ



‘आधुनिक भौतिकी : पुंज सिद्धांतापासून विश्वाच्या स्वरूपापर्यंत’ असा विषय मला दिला आहे. तासाभरात हा सगळा पल्ला गाठू पाहणारा वक्ता श्रोत्यांना नावांची यादी ऐकवून घरी पाठवतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं; त्यांना असलं व्याख्यान मुळीच रुचलं नसतं. म्हणून मी एकच गोष्ट निवडली आहे, एक आलेख. तो बर्लिनच्या एका भट्टीत सापडला आणि नव्वद वर्षांनी तोच आकाशात सापडला. मधल्या काळात भौतिकी आमूलाग्र बदलली. ती कशी बदलली हे या आलेखाच्या मागे मागे चालत गेलं तरी बरंचसं कळतं.

तापलेली कुठलीही वस्तू प्रकाश टाकते. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी काळपट लाल, मग लालभडक, मग केशरी, पिवळं होत जातं आणि घाव कधी घालायचा ते लोहार रंगावरून ओळखतो. तुमचं-माझं शरीरही प्रारण टाकत असतं. ते अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, इतकंच. कोणत्या तरंगलांबीला किती ऊर्जा बाहेर पडते ते मोजून कागदावर मांडलं की एक टेकडी तयार होते. आखूड तरंगलांबीच्या बाजूला कडा, मध्ये शिखर आणि लांब तरंगलांबीच्या बाजूला पसरट उतार. गुस्टाव्ह किर्खहोफ यांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवलं की वस्तू पूर्ण काळी असेल, म्हणजे तिच्यावर पडणारा सगळा प्रकाश ती शोषून घेत असेल, तर या टेकडीचा आकार ती वस्तू कशाची आहे यावर अवलंबून राहत नाही. लोखंड असो, चिनीमाती असो, प्लॅटिनम असो. तापमान सांगितलं की वक्र ठरला. प्रत्यक्षात अशी वस्तू मिळवायची युक्ती सोपी आहे. बंद पोकळी तापवायची आणि तिला बारीकसं छिद्र पाडायचं. आत शिरलेला प्रकाश भिंतींवर आपटत राहतो, बाहेर येत नाही. त्या छिद्रातून जे बाहेर येतं ते पोकळीचं स्वतःचं प्रारण.

किर्खहोफ यांनी वक्र आहे असं सांगितलं, तो कसा आहे हे सांगितलं नाही. ते मोजायला पुढची चाळीस वर्षं गेली आणि ती मोजणी झाली बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्ग इथल्या शासकीय मापन संस्थेत. १८८७ साली ही संस्था निघाली ती उद्योगपती वेर्नर फोन सीमेन्स यांच्या पुढाकाराने. गॅसचे दिवे आणि विजेचे दिवे यांच्यात स्पर्धा लागली होती, प्रकाश मोजायला विश्वासार्ह प्रमाण हवं होतं. पुंज सिद्धांताच्या मुळाशी दिव्यांचा धंदा आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. मूलभूत संशोधन आणि उपयोगी संशोधन यांच्यात रेघ ओढून अनुदानं वाटणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा वाचावा.

बर्लिन विद्यापीठात तेव्हा माक्स प्लँक हे सैद्धांतिक भौतिकीचे प्राध्यापक होते. वय ४२, स्वभाव परंपरावादी. विल्हेल्म वीन यांनी १८९६ साली मांडलेलं सूत्र मोजणीशी जुळत होतं आणि त्याला पाया पुरवण्याचं काम प्लँक निष्ठेनं करत होते. १९०० साली हाइनरिक रूबेन्स आणि फर्डिनांड कुर्लबाउम यांनी त्याच संस्थेत लांब तरंगलांबीची, अगदी ५१ मायक्रॉनपर्यंतची मोजमापं घेतली. द्रवरूप हवेच्या थंडीपासून १५०० अंश सेल्सिअसपर्यंत वस्तू तापवून पाहिल्या. तिथे वीन यांचं सूत्र साफ चुकलं. ७ ऑक्टोबर १९०० हा रविवार होता. रूबेन्स सपत्नीक प्लँक यांच्याकडे आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की लांब तरंगलांबीला प्रारणाची तीव्रता सरळ तापमानाच्या प्रमाणात वाढते. पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळी प्लँक यांनी दोन टोकांना जुळणारं एक सूत्र जोडून काढलं. १९ ऑक्टोबरला ते जर्मन फिजिकल सोसायटीत मांडलं. रूबेन्स यांनी रात्रीत आपल्या आकड्यांशी ते ताडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की सगळीकडे जुळतं.

पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट वेगळी सांगतात. जुन्या भौतिकीनुसार आखूड तरंगलांबीला ऊर्जा अनंत व्हायला हवी होती, त्या आपत्तीतून प्लँक यांनी शास्त्राला सोडवलं, असं आपण परीक्षेत लिहीत आलो. वास्तविक त्या ‘आपत्ती’ला नाव मिळालं १९११ साली, पाउल एरेन्फेस्ट यांच्याकडून. प्लँक यांना अनंताची चिंता नव्हती. त्यांच्यासमोर चांगली मोजणी होती आणि तिच्याशी न जुळणारं सूत्र होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे आकाशातही असंच घडणार आहे.

सूत्र जुळलं, पण ते का जुळतं? पुढचे दोन महिने प्लँक यांनी जिवाचा आटापिटा केला. १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी जी उपपत्ती मांडली तिच्यात एक अट होती. भिंतीतले कंपन करणारे घटक हवी तेवढी ऊर्जा घेऊ शकत नाहीत. ती ठरावीक हिश्श्यांतच घेतात आणि प्रत्येक हिस्सा कंप्रतेच्या प्रमाणात मोठा असतो. ते प्रमाण सांगणारा स्थिरांक म्हणजे एच. जूल-सेकंदात लिहायचा तर दशांश चिन्हापुढे ३३ शून्यं आणि मग ६६२६. टेकडीचा कडा आता समजतो. कंप्रता जितकी जास्त, तितका ऊर्जेचा किमान हिस्सा मोठा. आणि तापमान पुरेसं नसेल तर एवढा मोठा हिस्सा परवडतच नाही. म्हणून लोखंड लाल होतं, जांभळं होत नाही. त्या एका वक्रातून प्लँक यांनी आणखी काय काढलं पाहा. एका मोलमध्ये किती रेणू असतात ती संख्या, आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार. दोन्ही आजच्या मूल्यांच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत. अणू खरोखर असतात का यावर ज्या काळात नामवंत वाद घालत होते, त्या काळात भट्टीच्या उजेडावरून अणूंची मोजदाद झाली होती.

आइन्स्टाइन यांनी १९०५ साली पुढचं पाऊल टाकलं : हिस्से भिंतीतल्या घटकांचेच नव्हेत, प्रकाशच हिश्श्यांत येतो. प्लँक यांना ते बरीच वर्षं पटलं नाही. बोर, हायझेनबर्ग, श्रोडिंगर हा सगळा प्रवास आपण इथे वगळू. मात्र एक भारतीय पत्र वगळता येणार नाही. ढाका विद्यापीठातून सत्येंद्रनाथ बोस यांनी ४ जून १९२४ रोजी आइन्स्टाइन यांना एक लेख पाठवला. प्लँक यांच्या सूत्राची उपपत्ती तोवर अर्धी जुन्या विद्युत्-चुंबकीय सिद्धांतावर आणि अर्धी नव्या कल्पनेवर उभी होती. बोस यांनी जुना आधार काढून टाकला. प्रकाश म्हणजे कणांचा वायू समजा, पण ते कण मोजताना त्यांना नावं देऊ नका. दोन कण दोन खणांत ठेवायचे असतील तर आपण चार प्रकार मोजतो : दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, पहिला डावीकडे व दुसरा उजवीकडे, आणि त्याच्या उलट. बोस यांच्या हिशेबात शेवटचे दोन प्रकार एकच आहेत, कारण प्रकाशकणांत पहिला आणि दुसरा असं काही नसतंच. चाराचे तीन झाले, आणि अशी मोजणी केली की प्लँक यांचा वक्र आपोआप हाती येतो. आइन्स्टाइन यांनी लेखाचं स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापवला. पुंज सिद्धांताचं सार कोणी विचारलं तर मी श्रोडिंगर यांच्या मांजराच्या पेटीकडे न जाता या तीन प्रकारांकडे बोट दाखवतो. सारख्या कणांना स्वतंत्र ओळख नसते, हे निसर्गाबद्दलचं विधान भट्टीच्या वक्रात लिहिलेलं होतं.

आता आभाळाकडे वळू.

१९४१ साली कॅनडातल्या व्हिक्टोरिया इथल्या वेधशाळेत अँड्र्यू मॅकेलर एका छोट्या कोड्यावर काम करत होते. ताऱ्यांच्या दरम्यानच्या वायूत सायनोजेनचे रेणू असतात आणि मागच्या ताऱ्याच्या प्रकाशात त्यांच्या काळ्या रेषा उमटतात. त्या रेषांवरून दिसत होतं की काही रेणू अगदी स्वस्थ नाहीत, किंचित फिरत आहेत. एवढी गिरकी देण्यापुरतं तापमान मॅकेलर यांनी काढलं ते निरपेक्ष शून्याच्या वर २.३ अंश. अवकाशात त्या रेणूंना ऊब कोण देत होतं हा प्रश्न कोणी विचारला नाही. गेर्हार्ड हर्झबर्ग यांच्यासारख्या दिग्गजाने आपल्या ग्रंथात या तापमानाची नोंद घेतली आणि त्याला फारसा अर्थ नाही असं म्हणून ते सोडून दिलं. १९४८ साली राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी गणित केलं की विश्व जर तप्त, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आलं असेल तर त्या उष्णतेचा अवशेष आज सुमारे ५ अंश केल्विन इतका असावा. एका टेबलावर उत्तर पडलेलं, दुसऱ्या टेबलावर प्रश्न, आणि दोन्ही टेबलांची गाठ पडली नाही.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. १९६४ साली न्यू जर्सीतल्या होल्मडेलमध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या कर्ण्यासारख्या अँटेनात एक खरखर येत होती. दिशा बदलली, ऋतू बदलला, आत घरटं केलेल्या कबुतरांना हुसकावून त्यांची घाण साफ केली, तरी ती जाईना. १९६५ साली ती प्रसिद्ध झाली : साडेतीन अंश केल्विन, एक अंश इकडेतिकडे. कबुतरांमुळे ही कथा लोकप्रिय झाली आहे, पण तिने सिद्ध काय केलं ते नीट पाहू. त्यांनी ७.३५ सेंटिमीटर या एकाच तरंगलांबीला मोजलं होतं. टेकडीच्या पसरट उतारावरचा एक बिंदू. शिखर असायला हवं होतं एक-दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथे आपल्या वातावरणातली वाफ आड येते. एका बिंदूतून कोणताही वक्र काढता येतो.

आणि वक्र कोणता आहे यावरच सगळं अवलंबून होतं, कारण प्रतिपक्ष तगडा होता. फ्रेड हॉइल, हर्मन बोंडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ साली स्थिर स्थिती सिद्धांत मांडला होता : विश्व प्रसरण पावतं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं, त्यामुळे विश्वाला आरंभ नाही. ‘बिग बँग’, म्हणजे महास्फोट, हे नाव हॉइल यांनीच १९४९ साली बीबीसीच्या भाषणात विरोधी मताला दिलं. या हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी म्हणजे आपले जयंत नारळीकर. कोल्हापूरचा जन्म, काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारातलं बालपण, केंब्रिजमधलं संशोधन, १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत येणं आणि १९८८ साली पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेची स्थापना. मराठी वाचकांना ते विज्ञानकथांमधून घरचे झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांनी महास्फोट कधीही मान्य केला नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. त्यांचा आक्षेप असा की सगळ्या भौतिकीला जिथे खीळ बसते तो क्षण गृहीत धरून त्यावर शास्त्र उभारायचं कशाला? आक्षेप वजनदार आहे, आणि तो केवळ हट्ट म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग आकाशातली ती खरखर कसली? नारळीकर आणि सहकाऱ्यांचं उत्तर : ताऱ्यांचाच जुना प्रकाश, ताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर पडलेले लोखंडाचे अतिसूक्ष्म तंतू तो शोषतात आणि सूक्ष्मलहरींच्या रूपात परत टाकतात. हे मोजून तपासता येतं. वेगवेगळ्या तापमानांचे वक्र एकत्र मिसळले की बेरीज प्लँक यांचा वक्र राहत नाही. टेकडी पसरट होते. एकच तापमान हवं असेल तर प्रारण आणि द्रव्य यांची प्रदीर्घ देवघेव होऊन समतोल साधावा लागतो, जसा बंद भट्टीत साधतो. महास्फोटाच्या चित्रात तो आपोआप साधलेला आहे : पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व अपारदर्शक वायूने भरलेलं होतं. तापमान ३००० अंशांच्या आसपास उतरलं तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंत स्थिरावले आणि प्रकाश मोकळा सुटला. तेव्हापासून विश्व सुमारे ११०० पट ताणलं गेलं. प्रत्येक लहर तेवढ्याच पटीने ताणली गेली की टेकडी सरकते, पण तिचा आकार बिघडत नाही. ३००० अंशांचा वक्र २.७ अंशांचा वक्र होतो. ही प्लँक यांच्या सूत्राची खासियत.

१९८७ साली जपानमधून उडालेल्या एका अग्निबाणाने, बर्कली आणि नागोया विद्यापीठांच्या उपकरणाने, शिखरापलीकडे जादा ऊर्जा असल्याचं नोंदवलं. वक्र बिघडला होता! सिद्धांतवाद्यांनी त्या जादा ऊर्जेची कारणं देणारे लेख लिहून काढले. हाच वक्र मोजणारा नासाचा कोबे उपग्रह खरं तर आधीच जायचा होता. पण १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर अवकाशयान मिळेना, म्हणून त्याचं वजन घटवून साध्या डेल्टा अग्निबाणावर बसेल असा तो पुन्हा बांधला गेला. १८ नोव्हेंबर १९८९ रोजी तो उडाला. त्यातल्या एका उपकरणाची रीत मला फार आवडते. ते आकाश नुसतं मोजत नव्हतं. द्रव हेलियमने थंड केलेली, तापमान नेमकं ठाऊक असलेली एक काळी वस्तू त्याच्यात होती आणि ते आकाशाची तुलना तिच्याशी करत होतं. म्हणजे शार्लोटनबुर्गची भट्टी उलटी, गोठवून, कक्षेत नेली होती. १३ जानेवारी १९९० रोजी जॉन मॅथर यांनी अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांच्या बैठकीत पहिला आलेख पडद्यावर दाखवला, अवघ्या नऊ मिनिटांच्या निरीक्षणातून काढलेला. मोजलेले बिंदू आणि प्लँक यांची रेघ यांच्यात फट दिसेना. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. त्याच महिन्यात हर्बर्ट गश यांच्या कॅनडातल्या गटाने अग्निबाणावरून स्वतंत्रपणे तोच वक्र मोजला. गश यांनी त्यासाठी कित्येक वर्षं घालवली होती. नोबेल २००६ साली मॅथर आणि जॉर्ज स्मूट यांना मिळालं. निसर्गात मोजलेला याहून काटेकोर काळ्या वस्तूचा वक्र दुसरा नाही. तापमान २.७२५ केल्विन, आणि मोकळ्या अवकाशाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये या प्रारणाचे सुमारे ४११ कण, बोस यांच्या हिशेबाने मोजलेले.

तरी नारळीकरांनी शस्त्रं खाली ठेवली नाहीत आणि त्यांच्यासाठी खरी कसोटी निराळीच होती. विश्व पूर्वी जास्त तापलेलं असेल तर दूरच्या, म्हणजे जुन्या, वायूत तापमान जास्त भरायला हवं. २००० साली ‘नेचर’मध्ये तशी मोजणी प्रसिद्ध झाली. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीतून एका क्वेसारच्या, म्हणजे फार दूरच्या तेजस्वी स्रोताच्या, वाटेवरचा वायुमेघ पाहिला गेला, ज्याचा प्रकाश जवळपास ११०० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. तिथल्या कार्बनच्या रेषांवरून तापमान ६ ते १४ अंशांच्या दरम्यान निघालं. महास्फोटाचं भाकीत ९.१. २००८ साली दुसऱ्या एका मेघातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून ते आणखी नेमकं झालं, ९.१५. रीत मॅकेलर यांचीच : रेणूंची गिरकी पाहा आणि ऊब ओळखा. दोन्ही लेखांचे पहिले लेखक रघुनाथन श्रीआनंद हे पुण्याच्या आयुकातले. महास्फोट न मानणाऱ्याने उभारलेल्या संस्थेतून महास्फोटाचा हा पुरावा आला. आकाशातल्या या प्रारणाच्या, म्हणजे पार्श्वभूमी प्रारणाच्या, नकाशांवर काम करणारा गटही तिथेच उभा राहिला. आपल्याकडे संस्थापकाचं मत हाच संस्थेचा ठराव, अशी रीत आहे. नारळीकरांची मतं आपल्याला पटोत न पटोत, त्यांनी संस्था मात्र तशी बांधली नाही.

या प्रारणात बारीक चढउतारही आहेत, आणि इथे पुंज सिद्धांत दुसऱ्यांदा हजर होतो. १९९२ साली कोबेनेच ते टिपले : लाखात एक भाग. शंभर मीटर खोल तलावाच्या पाण्यावर एक मिलिमीटरची लाट उठावी तेवढे. ज्या ठिकाणी घनता लवभर जास्त, तिथे गुरुत्वाकर्षणाने द्रव्य गोळा होत गेलं आणि दीर्घिका झाल्या. हे चढउतार आले कुठून? १९८१ साली व्याचेस्लाव मुखानोव आणि गेन्नादी चिबिसोव यांनी दाखवलं की अगदी आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणात, ज्याला इन्फ्लेशन म्हणतात, पुंज पातळीवरची अनिश्चितता ताणली जाऊन खगोलीय आकाराची होऊ शकते. हायझेनबर्ग यांची अनिश्चितता आकाशगंगेच्या मुळाशी आहे, असा त्याचा अर्थ. २००९ साली सोडलेल्या युरोपीय उपग्रहाने या चढउतारांचा बारकाईने नकाशा केला. त्या उपग्रहाचं नाव प्लँक. चढउतारांचे गुणधर्म भाकितांशी छान जुळतात. तरीही इन्फ्लेशनला मी वक्राच्या पंक्तीला बसवणार नाही. वक्राला एकच आकडा लागतो, तापमान. इन्फ्लेशनच्या शेकडो आवृत्त्या आहेत आणि मोजणी बदलली की नवी आवृत्ती तयार असते. नारळीकरांची इथली शंका अजून जिवंत आहे. त्याच उपग्रहाने सांगितलं की विश्वात आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम पाच टक्के. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्ण ऊर्जा. ही ऊर्जा रिकाम्या अवकाशाची असेल असं मानून पुंज सिद्धांताने हिशेब केला तर उत्तर एकावर १२० शून्यं इतक्या पटीने चुकतं. भौतिकीच्या इतिहासात एवढा चुकलेला हिशेब दुसरा नाही.

वक्राचं काय उरलं आहे? कोबेच्या मोजणीत तो दहा लाखांत ५० भागांपर्यंत बिनचूक आहे. पण तो त्याहून बारीक पातळीवर बिघडलेला असायलाच हवा. दीर्घिकांच्या समूहांतला तप्त वायू या प्रारणाला धक्के देतो, त्याची खूण दहा लाखांत एक-दोन भाग इतकी अपेक्षित आहे. आरंभीच्या लहान लाटा विरून गेल्या त्याची खूण दहा कोटींत दोनेक भाग. पहिल्या दोनेक महिन्यांत विश्वात कुठूनही ऊर्जा मिसळली असती तरी प्रारणाने पुन्हा समतोल साधला असता आणि मागमूस राहिला नसता. त्यानंतर जे मिसळलं, एखाद्या अज्ञात कणाच्या विघटनातून का होईना, त्याचा डाग धुऊन निघणं शक्य नव्हतं. कोबेनंतर हा वक्र नव्याने मोजणारा उपग्रह अजून उडालेला नाही. अमेरिकेत पिक्सी नावाचा प्रस्ताव आहे. भारतीय शास्त्रज्ञांनी ‘सीएमबी-भारत’ हा प्रस्ताव इस्रोकडे दिलेला आहे. उपकरण कोबेहून हजारपट संवेदनशील लागेल, आणि त्याच्यासोबत पुन्हा एक थंड, काळी, तापमान नेमकं ठाऊक असलेली वस्तू वर पाठवावी लागेल.